घरच्या टाकीत सिक्लिड माशांचा संसार

नाशिकच्या मासळी बाजारात 'चिलापी' नावाचा मासा तुम्ही पाहिला असेल. राखी-काळपट रंग, जाड ओठ आणि पाठीवर काटेरी पर अशी त्याची ओळख सांगता येईल. दिसायला तो अगदी साधा आहे. पण त्याच्या मादीची एक सवय ऐकली, तर तुम्ही त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहाल. अंडी घातल्यावर ही मादी ती सर्व अंडी आपल्या तोंडात घेते. अंडी तोंडातच उबतात, पिल्ले तोंडातच बाहेर पडतात आणि सुमारे दोन आठवडे होईपर्यंत आई त्यांना तोंडात सांभाळते. या काळात ती जवळजवळ उपाशीच असते. पुढे पिल्ले बाहेर पोहू लागली, तरी धोका दिसताच आई तोंड उघडते आणि सगळी पिल्ले भराभर आत शिरतात.

रोहू, कटला यांसारखे मासे पुराच्या पाण्यात लाखो अंडी सोडून देतात आणि पुढे त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. चिलापीची मादी एका वेळी काहीशेच अंडी घालते, पण त्यांची राखण करते. निसर्गात वंश टिकवण्याच्या या दोन निरनिराळ्या रीती आहेत. एकीत संख्या अफाट आणि काळजी शून्य. दुसरीत संख्या थोडी आणि काळजी पुष्कळ. अंड्यांची व पिल्लांची काळजी घेणाऱ्या माशांचे एक मोठे कुल आहे. त्याला 'सिक्लिड' कुल म्हणतात. चिलापी याच कुलातला. घरोघरच्या काचेच्या टाक्यांत दिसणारे एंजल, ऑस्कर आणि डिस्कस हे मासेही याच कुलातले.

चिलापीची गंमत पाहायला तळ्यावर जावे लागेल आणि गढूळ पाण्यात ती दिसेलच असे नाही. एंजल माशांचा संसार मात्र तुम्हाला घरच्या किंवा शाळेच्या टाकीत पहिल्या दिवसापासून पाहता येतो. तो कसा पाहावा, पिल्ले कशी वाढवावीत, त्यात अडचणी कोठे येतात आणि एक मोठी चूक कोणती टाळावी, हे या लेखात पाहू.

सिक्लिड म्हणजे कोण?

सिक्लिड कुलात आतापर्यंत सतराशेहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया, मलावी आणि टांगानिका या तीन सरोवरांत यांच्या शेकडो जाती आढळतात. दक्षिण व मध्य अमेरिकेतही त्या पुष्कळ आहेत. या माशांना ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बहुतेक माशांना डोळ्यांपुढे प्रत्येक बाजूस नाकपुडीची दोन छिद्रे असतात. सिक्लिड माशांना प्रत्येक बाजूस एकच असते. शिवाय यांच्या घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. पुढच्या जबड्याने भक्ष्य पकडायचे आणि घशातल्या जबड्याने ते चिरडायचे, अशी ही कामाची वाटणी आहे. पुढचा जबडा असा मोकळा राहिल्यामुळे तो इतर कामांसाठी वापरता येतो. अंडी उचलणे, खड्डा खणणे, पिल्लांना एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे ही सगळी कामे हे मासे तोंडानेच करतात.

भारतात या कुलाच्या मूळच्या जाती तीनच. पहिली म्हणजे खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारा ठिपक्यांचा मासा. गोव्यात याला 'काळुंदर' म्हणतात, तर केरळात 'करिमीन'. दुसरा केशरी क्रोमाइड. हा लहानखुरा मासा दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर व श्रीलंकेत आढळतो. तिसरी जात कर्नाटकाच्या दक्षिण भागातील नद्यांत सापडते. या तिघांचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोठे आहेत, सांगा पाहू? ते आहेत हजारो किलोमीटर दूर, मादागास्कर बेटावर! भारत आणि मादागास्कर हे भूभाग एके काळी जोडलेले होते. तेव्हापासूनचे हे नाते, की नंतर समुद्र ओलांडून आलेल्या पूर्वजांमुळे जुळलेले, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. एका छोट्या माशाच्या कुळकथेत भूगोलाचा केवढा मोठा प्रश्न दडलेला असतो, हे यावरून दिसते.

जोडी कशी जमवावी?

एंजल मासा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. चपटे शरीर, वर व खाली लांब गेलेले पर आणि अंगावर काळे उभे पट्टे असे त्याचे मूळ रूप आहे. पाण्यातल्या वनस्पतींच्या उभ्या देठांमधून फिरताना हे पट्टे त्याला लपायला मदत करतात.

नर कोणता व मादी कोणती हे या माशांत बाहेरून ओळखता येत नाही. दुकानदारही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून दोन मोठे मासे विकत आणून 'ही जोडी' असे मानण्यापेक्षा सहा लहान मासे आणावेत आणि त्यांना एकत्र वाढू द्यावे. आठ ते बारा महिन्यांत ते वयात येतात. मग त्यांतले दोन मासे टाकीचा एक कोपरा बळकावून इतरांना तेथून हुसकावू लागतात. त्यांची जोडी त्यांनी स्वतःच जमवलेली असते! ही जोडी मग वेगळ्या टाकीत ठेवावी, नाहीतर उरलेल्या चौघांचे हाल होतात.

अंडी घालण्याच्या आधी एक-दोन दिवस दोघांच्याही पोटाखाली एक छोटी नळी बाहेर दिसू लागते. मादीची नळी जाड व बोथट असते, नराची बारीक व टोकदार. नर-मादी ओळखण्याची ही एकच खात्रीची वेळ.

टाकी, पाणी आणि नाशिकची हवा

जोडीसाठी ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच अशी टाकी पुरेशी आहे. तिच्यात किती पाणी मावेल, याचे गणित करा. ६० × ४० × ४५ म्हणजे १,०८,००० घन सेंटिमीटर, अर्थात १०८ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. तेव्हा काचेचे वजन सोडूनही या टाकीचा भार १०८ किलोग्रॅम होतो. डळमळीत स्टुलावर टाकी का ठेवू नये, हे आता निराळे सांगायला नको.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन मिसळलेला असतो. आपल्याला तो उपकारक असला, तरी माशांच्या नाजूक कल्ल्यांना घातक आहे. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की क्लोरीन बराचसा उडून जातो. घरात विंधणविहिरीचे पाणी असेल, तर अडचण वेगळी येते. नाशिकची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते 'कठीण' होते. ॲमेझॉनचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. मोठे एंजल मासे कठीण पाण्यातही जगतात, पण अंड्यांचे फलन व उबवण मऊ पाण्यात अधिक चांगली होते. यावर निसर्गानेच उपाय दिला आहे. पावसाळ्यात चार-दोन सरी पडून गच्ची धुऊन निघाल्यावर जे पाणी पडते, ते स्वच्छ भांड्यात साठवा आणि विहिरीच्या पाण्यात निम्मे मिसळा. नुसते पावसाचे पाणी मात्र वापरू नये. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने त्याचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक, एकदम बदलू शकतो.

तापमानाचा प्रश्न नाशिककरांनी विशेष लक्षात ठेवावा. एंजल माशांना अंडी घालण्यासाठी २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमान लागते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा कधी कधी १० अंशांच्या खाली जातो आणि घरातल्या टाकीचे पाणीही थंड पडते. अशा वेळी पाणी तापवण्याची विजेची कांडी हवी. दर लिटरला साधारण एक वॉट हा हिशेब धरला, तर आपल्या टाकीला १०० वॉटची कांडी पुरेल. एक सूचना मात्र कधीही विसरू नका. टाकीत हात घालण्यापूर्वी कांडीचे बटण बंद करून पिन काढून ठेवा, आणि विजेची जोडणी घरातल्या मोठ्या माणसांकडूनच करून घ्या.

न दिसणारे सफाई कामगार

नवी टाकी भरली आणि त्याच दिवशी मासे सोडले, की आठवड्याभरात ते मरतात असा अनुभव पुष्कळांना येतो. पाणी तर अगदी स्वच्छ दिसत असते. मग होते काय?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजूनही अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना विषारी असतो. निसर्गात काही जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. नायट्रेट बरेच निरुपद्रवी असते व पाणी बदलले की कमी होते. हे जीवाणू गाळणीच्या स्पंजावर, वाळूवर व काचेवर वस्ती करतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरणे हीच खरी विद्या. जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज नव्या टाकीत ठेवला, तर हा काळ कमी होतो. हा स्पंज नळाखाली मात्र धुऊ नका. क्लोरीनमुळे आपले सगळे कामगार एका झटक्यात मरतील! टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळून घ्यावा.

पिल्लांच्या टाकीला हाच स्पंज दुहेरी उपयोगाचा असतो. हवेच्या पंपाला जोडलेल्या स्पंजातून पाणी हळूहळू गाळले जाते आणि पिल्ले आत ओढली जात नाहीत. मोठ्या यांत्रिक गाळणीत ती एका रात्रीत नाहीशी होतात.

पाटीवरची अंडी

एंजल मासे उभ्या, रुंद पानावर अंडी घालतात. टाकीत तशी वनस्पती नसेल, तर खऱ्या दगडी पाटीचा तुकडा उत्तम. लाकडी चौकट काढून टाका, पाटी स्वच्छ धुवा आणि टाकीत तिरकी टेकवून ठेवा. पत्र्याची किंवा रंग दिलेली पाटी चालणार नाही.

जोडी तयार झाली, की दोघेही पाटीचा एक भाग तोंडाने टोचून टोचून साफ करतात. हे काम एक-दोन दिवस चालते. मग बहुधा संध्याकाळच्या सुमारास मादी पाटीला पोट लावून खालून वर सरकते आणि अंड्यांची एक ओळ चिकटवते. तिच्यामागून नर त्याच ओळीवरून सरकत जातो आणि शुक्रजंतूंचा द्रव सोडतो. पुन्हा मादी, पुन्हा नर. तास-दीड तासात पाटीवर मण्यांच्या ओळी मांडाव्यात तशी दोनशे ते चारशे अंडी दिसू लागतात.

यानंतर दोघे पाळीपाळीने पाटीपाशी पहारा करतात. कल्ल्यांमागचे पर हलवून अंड्यांवर पाण्याचा प्रवाह सोडतात. पंख्याने वारा घालावा तसे हे दृश्य दिसते, पण हेतू निराळा आहे. अंड्यालाही प्राणवायू लागतो. अंड्याभोवतीचे पाणी स्थिर राहिले, तर तेथला प्राणवायू संपतो. ज्या अंड्यांचे फलन झालेले नसते ती दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात आणि त्यांवर बुरशी येते. ही बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरू नये म्हणून आईबाप पांढरी अंडी तोंडाने वेचून काढतात.

येथे एक निराशा तुमची वाट पाहत असते. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो पाटी कोरी! आईबापांनीच अंडी खाल्लेली असतात. त्यांना दुष्ट म्हणण्याची घाई करू नका. पहिल्या एक-दोन खेपांना नवख्या जोडीकडून असे होते. टाकीजवळ वर्दळ असली, दिवा अचानक लावला-मालवला, किंवा अंड्यांचे फलनच नीट झाले नाही, तरीही असे होते. जी अंडी जगणार नाहीत, त्यांतले अन्न वाया न घालवता पुढच्या खेपेसाठी शक्ती साठवणे, हा त्यामागचा निसर्गाचा हिशेब असावा. जोडीला चांगले खाद्य द्या, टाकीच्या तीन बाजूंना कागद लावा आणि वाट पाहा. दोन-तीन आठवड्यांत जोडी पुन्हा अंडी घालते. बहुतेक जोड्या तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत शहाण्या होतात.

जोडी प्रत्येक वेळी अंडी खातच असेल, तर पाटी उचलून दुसऱ्या लहान टाकीत ठेवता येते. त्या टाकीत मूळ टाकीचेच पाणी व तेच तापमान असावे. पाटीच्या जवळ हवेचे बुडबुडे सोडावेत. म्हणजे आईबापांच्या परांचे काम बुडबुडे करतील. पाणी फिकट निळे होईल एवढेच मेथिलीन ब्लूचे थेंब घातले, की बुरशीला आळा बसतो.

पहिले दहा दिवस

२७-२८ अंश तापमानात सुमारे ६० तासांनी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, अंडी फुटतात. पण लगेच पोहणारी पिल्ले दिसतील अशी अपेक्षा करू नका. पाटीवर नुसत्या बारीक शेपट्या वळवळताना दिसतात. या अवस्थेत पिल्लाच्या डोक्यावर चिकट द्रव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांच्या धाग्याने ते पाटीला लटकलेले असते. त्याला तोंडाने खाता येत नाही. पोटाखालच्या पिशवीतले पीतक हीच त्याची शिदोरी. या चार-पाच दिवसांत टाकीत पिल्लांसाठी काहीही खाद्य घालू नये. घातलेले सगळे कुजेल आणि अमोनिया वाढेल.

या काळात आईबापांकडे लक्ष द्या. एखादे पिल्लू सुटून खाली पडले, की आई किंवा बाप ते तोंडात उचलतो आणि पुन्हा पाटीवर थुंकतो. कधी सगळी पिल्ले तोंडाने उचलून दुसऱ्या पानावर नेली जातात. पाहणाऱ्याला वाटते, खाल्ली! पण तसे नसते.

प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळवणारे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी आपल्या टाकीतील एका सिक्लिड बापाची हकिकत लिहून ठेवली आहे. या माशाच्या तोंडात गांडुळाचा तुकडा होता. तेवढ्यात त्याला वाट चुकलेले एक पिल्लू दिसले. त्याने तेही तोंडात घेतले. आता तोंडात दोन वस्तू झाल्या. एक गिळायची, दुसरी घरी न्यायची! मासा क्षणभर स्तब्ध राहिला. मग त्याने दोन्ही वस्तू बाहेर टाकल्या, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ खाल्ले आणि नंतर पिल्लू उचलून घरट्याकडे नेले. मासा आपल्यासारखा विचार करतो, असे यावरून म्हणता येणार नाही. पण त्याचे वर्तन आपण समजतो तितके साधे नाही, एवढे नक्की.

अंडी घातल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी पीतक संपत येते आणि पिल्ले एकदम पोहू लागतात. आईबापांभोवती त्यांचा ढग जमतो. आता खरी परीक्षा सुरू होते. या दिवसापासून त्यांना जिवंत, हलणारे आणि तोंडात मावेल एवढेच खाद्य लागते. ते एक-दोन दिवसांत मिळाले नाही, तर सारी पिल्ले उपाशी मरतात. पुष्कळांचा प्रयत्न येथेच फसतो. अंड्यांची सगळी तयारी असते, पण खाद्याची नसते.

बाटलीतली खानावळ

यासाठी सर्वांत चांगले खाद्य म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कवचधारी प्राण्याची नुकती जन्मलेली पिल्ले. आर्टेमियाची वाळलेली अंडी माशांच्या दुकानात मिळतात. ही अंडी कोरडी असताना वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतात आणि खारे पाणी मिळताच जागी होतात.

काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत एक लिटर पाणी घ्या. त्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ विरघळवा. पाव चमचा अंडी टाका. हवेच्या पंपाची नळी तळापर्यंत सोडून बुडबुडे चालू ठेवा. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल, तर २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाचे, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान जीव पाण्यात फिरू लागतात.

आता हवा बंद करून दहा मिनिटे थांबा. रिकामी कवचे वर तरंगतात. बाटलीच्या खालच्या भागाजवळ विजेरी धरली, की हे जीव प्रकाशाकडे गोळा होतात. बारीक नळीने ते ओढून घ्या, तलम कापडावर गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि मग पिल्लांना द्या. कवचे टाकीत जाऊ देऊ नका. ती पिल्लांना पचत नाहीत.

पिल्ले पोहू लागण्याच्या आदल्या दिवशी पहिली बाटली लावावी आणि नंतर रोज एक. म्हणजे खाद्यात खंड पडत नाही. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खाद्य द्यावे. पिल्लांचे पोट भरले की नाही, हे विचारायला नको, ते दिसतेच. पारदर्शक पिल्लांची पोटे नारिंगी दिसू लागतात. जुन्या पुस्तकांत उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून घालावा, असे सांगितलेले असते. त्याने पिल्ले जगतातही. पण उरलेला बलक पाणी फार लवकर नासवतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

खाद्य जास्त म्हणजे घाणही जास्त. म्हणून रोज तळाची घाण बारीक नळीने ओढून काढावी आणि टाकीतले पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी चोवीस तास शिळे केलेले व त्याच तापमानाचे असावे. ते हळूहळू सोडावे.

मत्स्यव्यवसायात अगदी लहान पिल्लांना 'मत्स्यजिरे' आणि बोटाएवढ्या पिल्लांना 'मत्स्यबोटुकली' म्हणतात. किती नेमके शब्द आहेत पाहा! तुमची जिऱ्यासारखी पिल्ले चौथ्या-पाचव्या आठवड्यात उंच होऊ लागतात, त्यांचे पर लांबतात आणि एके दिवशी टाकीत छोटे छोटे एंजल मासे फिरताना दिसतात.

वहीत काय लिहावे?

नुसते पाहणे आणि निरीक्षण करणे यांत फरक आहे. एक वही करा. रोज सकाळी व संध्याकाळी तापमान लिहा. अंडी कधी घातली व कधी फुटली, त्या वेळा लिहा. पुढच्या खेपेला तापमान एखाद्या अंशाने वेगळे असेल, तर फुटण्याच्या वेळेत फरक पडतो का, ते पाहा. अंडी मोजायची असतील, तर एक चौरस सेंटिमीटर जागेतली अंडी मोजा आणि अंड्यांनी व्यापलेल्या एकूण क्षेत्रफळाने गुणा. अशा दोन-तीन जागांची सरासरी घेतली, तर उत्तर अधिक अचूक येईल. पंखा घालण्याचे काम नर जास्त करतो की मादी, हे घड्याळ लावून दहा-दहा मिनिटे पाहा. हे उत्तर कोणाला विचारण्याची गरज नाही. तुमच्या टाकीचे उत्तर तुमच्याच वहीत मिळेल.

पिल्ले वाढली, पुढे काय?

आता त्या मोठ्या चुकीकडे वळू. समजा, पाटीवर ३०० अंडी होती आणि त्यांतली २०० पिल्ले जगली. पूर्ण वाढलेल्या एका एंजल माशाला सुमारे ४० लिटर पाणी धरले, तर २०० माशांना ८,००० लिटर पाणी लागेल. म्हणजे आपल्या टाकीसारख्या ७४ टाक्या! घरात एवढी जागा कोणाच्या असणार?

अशा वेळी मनात येते, 'मारण्यापेक्षा गोदावरीत सोडून देऊ. बिचारे जगतील तरी!' हा विचार दयेचा वाटतो, पण त्यात दोन्हीकडून नुकसान आहे. उष्ण प्रदेशातले एंजल मासे नाशिकच्या हिवाळ्यातल्या थंड पाण्यात बहुधा कुढत मरतील. आणि एखादी काटक जात तगलीच, तर ते त्याहून वाईट.

त्याचे उदाहरण आपण सुरुवातीलाच पाहिले. चिलापी मूळचा आफ्रिकेतला. १९५२ मध्ये तो भारतात मुद्दाम आणला गेला. हेतू चांगला होता. लवकर वाढणारा, स्वस्त मासा लोकांना मिळावा. पण तो दोन-तीन महिन्यांतच वयात येतो आणि वर्षातून अनेकदा वितो. तळी खुरट्या चिलापींनी भरून गेली आणि देशी माशांच्या वाट्याचे अन्न व जागा कमी झाली. ज्या मातृप्रेमाचे आपण कौतुक केले, तेच त्याच्या फैलावाचे मोठे कारण ठरले. तोंडात सांभाळलेली पिल्ले शत्रूच्या तावडीतून सुटतात, म्हणून ती भरपूर जगतात. काचेच्या टाकीतली शेवाळे खाणारा, अमेरिकेतून आलेला 'सकर' मासाही लोकांनी असाच सोडून दिला आणि आज तो भारतातील अनेक नद्या-जलाशयांत पसरला आहे. एकदा नदीत गेलेला मासा परत गोळा करता येत नाही.

म्हणून हिशेब अंडी असतानाच करावा. किती पिल्ले सांभाळता येतील, किती मित्रांना, शाळांना किंवा दुकानदाराला देता येतील, हे आधी विचारून ठेवा. उत्तर 'चाळीस' आले, तर बाकीची अंडी पाटीवरून वेळीच काढून टाका. आणखी पिल्ले नकोच असतील, तर अंडी जोडीजवळच राहू द्या आणि पिल्लांसाठी निराळे खाद्य घालू नका. ती थोडीच जगतील. पाटी काढून घेतली, तरी मासे काचेवर अंडी घालतात, हेही ध्यानात ठेवा. टाकीतला कोणताही मासा, गोगलगाय किंवा वनस्पती नदी, नाला, तळे वा विहिरीत जाऊ द्यायची नाही, हा नियम टाकीवर चिठ्ठी लावून पाळावा.

एवढी तयारी झाली, की मग सहा लहान एंजल मासे आणायला हरकत नाही. आठ-दहा महिन्यांनी एखाद्या संध्याकाळी दोन मासे पाटी टोचू लागतील. तेव्हा दिवा मंद करा, खुर्ची थोडी दूर घ्या आणि वही उघडा.